देहाची वेदना आणि मनाचे दुःख

मराठी भाषेत ‘दुखणे’ हे एकच क्रियापद देहालाही चालते आणि मनालाही चालते. बोट दुखते, दाढ दुखते, तसेच मनही दुखते. आणि कोणी कठोर बोलला तर आपण त्याला ‘दुखावू नकोस’ असे सांगतो. परंतु हीच भाषा या दोन दुखण्यांची पुढे किती बारकाईने वेगळवेगळी नोंद ठेवते, हे पाहण्यासारखे आहे. देहाच्या दुखण्याला ठणका, कळ, चमक, उसण, शूळ, आग, ठुसठुस असे शब्द आहेत. त्यांपैकी प्रत्येक शब्द दुखण्याची जात सांगतो, आणि बहुधा जागाही सुचवितो. मनाच्या दुखण्याला हुरहुर, तळमळ, घालमेल, खंत, सल, विषाद असे शब्द आहेत. त्यांत जागेचा पत्ता नाही. मात्र मनाच्या दुखण्याची तीव्रता सांगावयाची झाली म्हणजे भाषेला पुन्हा देहाकडेच धाव घ्यावी लागते. बोलणे जिव्हारी लागते, काळजाला घरे पडतात, पोटात तुटते, आणि ‘सल’ हा शब्द तर मुळात रुतलेल्या काट्याचाच आहे. तेव्हा ही दोन दुखणी एक आहेत की दोन, आणि दोन असतील तर त्यांच्यातील सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. रोजच्या व्यवहारात त्याचे उत्तर आपण कळत-नकळत देतच असतो, आणि पुष्कळदा ते चुकीचे देतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील माधवगंजासारखी एखादी जुनी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. तेथील कोण्या घरातील गृहस्थ जिन्यावरून घसरले आणि पायाचे हाड मोडले, तर दिवस मावळण्यापूर्वी ती वार्ता गल्लीभर होते. जयारोग्य रुग्णालयातून ते प्लास्टर घालून परतले की शेजारच्या काकू डबा पाठवितात, कोणी औषधे आणून देतो, कोणी रात्री सोबतीला बसतो. त्याच गल्लीत दुसऱ्या घरी एखादा तरुण परीक्षेत वारंवार अपयश आल्याने किंवा नोकरी सुटल्याने दार लोटून बसलेला असतो. एखादी बाई वर्षापूर्वी गेलेल्या मुलाच्या आठवणीने जेवणावरून उठत असते. त्यांच्याकडे डबा जात नाही, सल्ला जातो. “मनावर घेऊ नका,” “विसरून जा,” “तुमच्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत,” अशी वाक्ये त्यांच्या वाट्याला येतात. मोडक्या पायाच्या माणसाला ‘पायावर घेऊ नका’ असे कोणी सांगत नाही. उलट बाजूनेही अन्याय होतो. ज्याचे डोके किंवा पाठ महिनोन् महिने दुखते आणि तपासणीत ज्याला काही निघत नाही, त्याला ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावले जाते. पहिल्या चुकीत मनाचे दुःख नाकारले जाते, दुसऱ्या चुकीत देहाची वेदना. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर प्रथम वेदना म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

देहातील वेदनेचा मार्ग आता बऱ्याच अंशी ज्ञात झालेला आहे. त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत आणि पुष्कळशा अंतरिंद्रियांत अशा मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात, की ज्यांचे काम इजेची वर्दी देणे हेच आहे. हे तंतू मुख्यतः दोन प्रकारचे. एक प्रकार वेगवान, तर दुसरा मंद. मंद तंतूंतून संदेश सेकंदाला एखाद-दुसरा मीटर इतक्याच गतीने चालतो. उंबऱ्याची ठेच लागते तेव्हा आधी एक लखकन् कळ उठते आणि मग क्षणभराने खोल, रेंगाळणारा ठणका सुरू होतो, त्याचे कारण हेच. हे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतात आणि तेथून मेंदूकडे जातात. मात्र ही तारेची सरळ लाइन नव्हे. इ. स. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मत मांडले की, मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो. कधी तो उघडतो, कधी अर्धवट मिटतो, आणि त्यावर वरून मेंदूचाही अंमल चालतो. त्यांच्या सिद्धान्तातील तपशिलांत पुढे बदल झाले; पण मूळ कल्पना टिकली. ठेच लागलेला अंगठा आपण चोळतो आणि बरे वाटते, त्याचा उलगडाही तीतून होतो.

संदेश मेंदूत पोहोचल्यावर त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट ‘कोठे दुखते आणि किती दुखते’ हे सांगते. दुसरी वाट ‘हे नकोसे आहे’ ही भावना निर्माण करते. या दोन वाटा खरोखरच वेगळ्या आहेत याचा पुरावा रुग्णांनीच दिलेला आहे. असह्य वेदनेवर उपाय म्हणून काही रुग्णांच्या मेंदूतील एका विशिष्ट भागावर शस्त्रक्रिया करण्यात आली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले की, दुखते आहे हे कळते, परंतु आता त्याचा त्रास वाटत नाही. मॉर्फिन घेतलेले रुग्णही पुष्कळदा असेच सांगतात. याचा अर्थ असा की, ज्याला आपण साधी शारीरिक वेदना म्हणतो तिच्यातही मनाचा वाटा आरंभापासूनच मिसळलेला असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या स्वीकारली आणि २०२० मध्ये जी सुधारली, तिच्यातही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव आहे, असेच मानलेले आहे.

या मिसळणीत मनाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे दुसऱ्या महायुद्धात दिसून आले. इ. स. १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. गंभीर जखमा झालेल्या सैनिकांना त्यांनी वेदनाशामक औषध हवे काय असे विचारले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. पुढे शांततेच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांना त्यांनी तोच प्रश्न विचारला. त्यांच्या जखमा तुलनेने लहान असूनही बहुसंख्य लोकांनी औषध मागितले. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे मृत्यूच्या दाढेतून सुटून घरी जाण्याचा परवाना होता. नागरिकाच्या दृष्टीने ती घरावर आलेली आपत्ती होती. त्यामुळे वेदना केवळ इजेच्या आकारावर नव्हे, तर त्या इजेला माणूस जो अर्थ देतो त्याच्यावरही अवलंबून असते, या निष्कर्षाला बीचर पोहोचले.

असे असले तरी दोहोंत भेद नाही असे मात्र नव्हे. पहिला भेद जागेचा. देहाच्या वेदनेला पत्ता असतो. डॉक्टरने ‘कोठे दुखते’ असे विचारले की बोट ठेवता येते. मनाच्या दुःखाला असा पत्ता नसतो. ते साऱ्या दिवसावर, अन्नाच्या चवीवर आणि झोपेवर पसरते. दुसरा भेद काळाचा. देहाची वेदना बहुधा वर्तमानकाळात राहते. मागल्या वर्षी दाढ किती दुखली होती हे आठवले म्हणून दाढ पुन्हा दुखू लागत नाही. परंतु वीस वर्षांपूर्वी चारचौघांत झालेला अपमान आठवला की कान आजही तापतात. मनाचे दुःख भूतकाळातून येते, उद्याच्या भीतीतूनही येते, आणि आठवणीच्या प्रत्येक फेरीत ताजे होते. तिसरा भेद साक्षीचा. जखम, सूज, ताप दुसऱ्याला दिसतात. मनाचे दुःख दिसत नाही, आणि पुष्कळदा दुःखी माणूस ते झाकण्यातच आपली सारी शक्ती वेचतो. चौथा भेद लाजेचा. पाय मोडल्याची लाज कोणाला वाटत नाही; मन मोडल्याची वाटते. पाचवा भेद उपायाचा. देहाच्या वेदनेवर पहिला उपाय बहुधा औषधाचा असतो. मनाच्या दुःखावर औषध लागू पडते तेव्हाही ते एकटे पुरत नाही, त्याच्याबरोबर माणूस लागतो.

हे भेद कागदावर मांडणे सोपे आहे. परंतु निसर्गाने स्वतःच एका रोगात देहाची वेदना काढून घेतली आणि दुःख तेवढे मागे ठेवले; हा विषय समजून घ्यावयाचा तर त्या रोगाकडे पाहिले पाहिजे. तो रोग म्हणजे कुष्ठरोग, ज्याला आपल्याकडे महारोग किंवा रक्तपिती असेही म्हणत आले. नॉर्वेचे हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचे जंतू शोधून काढले. हे जंतू विशेषतः त्वचा आणि तिच्यालगतचे मज्जातंतू यांवर हल्ला करतात. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो आणि त्या चट्ट्याची संवेदना कमी होते. टोचले तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. जे दुखत नाही त्याच्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. आणि नेमकी तेथेच या रोगाची खरी हानी सुरू होते.

पुष्कळ वर्षे लोकांची समजूत अशी होती की, या रोगाने बोटे सडून आपोआप गळून पडतात. ही समजूत ज्यांनी खोडून काढली त्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव प्रमुख आहे. त्यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत झाला आणि १९४६ पासून ते वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. त्यांना असे आढळले की, बोटे रोगाने गळत नाहीत; वेदनेच्या अभावी रुग्णाच्या हातूनच ती नष्ट होतात. गरम भांडे हातात धरले तरी तो सोडत नाही. पायात काच शिरली तरी तसाच चालत राहतो. रात्री निजेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात आल्यावर रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची व्यवस्था करण्यात आली होती. आपण ज्या वेदनेला शत्रू मानतो ती वस्तुतः रात्रंदिवस जागा असणारा पहारेकरी होय, हे या रुग्णांच्या हातापायांनी सिद्ध केले.

डॉ. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कृत्रिम वेदनेचे यंत्र तयार करून पाहिले. दाब वाढला म्हणजे इशारा देणारी यंत्रणा बसविलेले हातमोजे आणि मोजे रुग्णांना देण्यात आले. परंतु तो प्रयोग फसला. आवाजाचा किंवा दिव्याचा इशारा मिळूनही रुग्ण हातातले काम चालूच ठेवीत. विजेचा झटका बसू लागला तर ते यंत्र बंद करून काम उरकीत आणि मग पुन्हा चालू करीत. जी सूचना टाळता येते ती माणूस टाळतोच. वेदना उपयोगी पडते ती ती टाळता येत नाही म्हणूनच. येथे देहाची वेदना आणि मनाचे दुःख यांतील आणखी एक भेद हाती लागतो. देहाचा पहारेकरी सहसा गप्प करता येत नाही; मनाचा मात्र पुष्कळ दिवस गप्प करता येतो. कामात बुडवून, हसून, व्यसनाच्या आधाराने माणूस मनाचा इशारा वर्षानुवर्षे बंद ठेवू शकतो. आणि बधिर हाताप्रमाणेच त्या मनाचीही तोवर झीज होत राहते.

आता याच रोगाची दुसरी बाजू पाहावी. ज्याच्या हाताला विस्तव लागला तरी कळत नाही, त्याला दुःख नव्हते काय? कुष्ठरोग्याइतके दुःख फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. त्याचे घर सुटले, ताट वेगळे झाले, विहीर बंद झाली, बायकामुले दुरावली. कायद्यानेही त्याला वेगळे काढले. इंग्रजी अमदानीत १८९८ मध्ये झालेला कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा पुस्तकातून पुसला गेला तो २०१६ मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून निरनिराळ्या विवाहविषयक कायद्यांत होते, ते काढून टाकण्यात आले २०१९ मध्ये. वास्तविक अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली होती, आणि सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतले की रोग बरा होतो हे सर्वमान्य झाले होते. औषध सुरू झाल्यावर रोगी थोड्याच दिवसांत दुसऱ्याला संसर्ग देण्याच्या अवस्थेत राहत नाही. म्हणजे जंतूंपासून माणूस एका वर्षात मोकळा होऊ लागला. कायद्यातील कलंकापासून मोकळे होण्यास त्याला आणखी तीन दशके लागली. समाजाच्या मनातील कलंक तर अजूनही पुरता गेलेला नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत दोन उदाहरणे पाहिली आहेत, आणि दोन्ही विदर्भातील आहेत. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री हे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या काळात बंदिवान होते. त्यांना कुष्ठरोग झाला. इ. स. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामच्या आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या निवासाजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधवून घेतली, आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुण्याचा व अंगाला मालिश करण्याचा क्रम ठेवला. त्या मालिशीने रोगाचे जंतू मरणार नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्या देहाला कोणी शिवत नव्हते त्याला माणसाचा हात लागला. आणि तो हात त्वचेला कितीसा जाणवला असेल कोण जाणे, पण जेथे तो जाणवावयाचा तेथे खचित जाणवला असेल.

दुसरे उदाहरण बाबा आमटे यांचे. वरोरा येथे वकिली आणि नगरपालिकेचे काम करीत असता तुळशीराम नावाचा अखेरच्या अवस्थेतील कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला, आणि ते भयाने दूर झाले. त्या भयाचीच त्यांना लाज वाटली. ते परत गेले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. रोग बरा झाला तरी घर परत मिळत नाही, हे बाबांना दिसत होते. म्हणून त्यांनी रुग्णाच्या हाती दान ठेवण्याऐवजी काम ठेवले. शेती, विणकाम, सुतारकाम, बांधकाम ही कामे रुग्ण करू लागले. देहातील रोगावर औषधाचा इलाज होता. ‘मी कोणाच्याही उपयोगाचा नाही’ या मनातील दुःखावर कामाचा इलाज झाला.

आणि याच आनंदवनात या प्रश्नाची अगदी उलट बाजूही पाहावयास मिळाली. बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याचा असा विकार जडला की त्यांना बसणेच अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच उरले. अशा स्थितीत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान सुरू केले आणि १९९० पासून बरीच वर्षे ते मध्यप्रदेशात नर्मदेच्या काठी कसरावद येथे राहिले. त्यांचे निधन २००८ मध्ये झाले. एकाच संस्थेत एकीकडे अशी माणसे होती की ज्यांच्या देहाला वेदना नव्हती आणि मन दुःखाने पोळले होते. दुसरीकडे असा माणूस होता की ज्याच्या देहाला वेदनेने बसू दिले नाही, परंतु ज्याच्या उद्योगाला ती अडवू शकली नाही. वेदना आणि दुःख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याला याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

प्राचीनांनी हा भेद ओळखला होता. बुद्धाच्या उपदेशात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. सामान्य माणसाला देहाच्या वेदनेचा एक बाण लागतो आणि लगेच शोकाचा, संतापाचा दुसरा बाण लागतो. ज्ञानी माणसाला पहिलाच काय तो लागतो. चरकाने व्याधींचे शारीर आणि मानस असे भाग केले, रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आणि मनाला अहितापासून आवरण्याच्या उपचाराला सत्त्वावजय असे स्वतंत्र नाव दिले. बायबलातील ईयोबाची कथाही येथे आठवते. त्याचे सर्वांग फोडांनी भरले होते, मुले गेली होती, संपत्ती गेली होती. त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तोवर ठीक होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ‘हे तुझ्याच पापाचे फळ असले पाहिजे’ असे पटवून देण्यास आरंभ केला, तेव्हा ईयोबाला फोडांपेक्षा तो उपदेशच अधिक झोंबला. दुःखी माणसाजवळ बसणे हे सांत्वन, आणि त्याला कारणे समजावीत राहणे ही इजा, एवढा बोध त्या कथेतून कोणत्याही धर्माच्या मनुष्याने घ्यावा.

भेद असला तरी देह आणि मन यांचे अंगण एकच आहे, हेही विसरता येत नाही. इ. स. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. संगणकावरील चेंडूच्या खेळात एका खेळाडूला हेतुपुरस्सर चेंडू देईनासे करण्यात आले, आणि त्या वेळी त्याच्या मेंदूचे चित्रण केले गेले. वेदनेच्या नकोसेपणाशी ज्याचा संबंध आहे असा मेंदूचा एक भाग तेव्हा जागृत झालेला दिसला. यावरून काहींनी असे अनुमान काढले की, बहिष्कार आणि जखम मेंदूला सारखीच. पुढील अधिक सूक्ष्म अभ्यासांत मात्र असे दिसले की, भाग एकच असला तरी त्यातील हालचालीचे नमुने वेगवेगळे असतात. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच वाड्यात राहतात. पण एकाच खोलीत राहतात असे नाही. शेजार मात्र इतका निकटचा, की एकाकडचा आवाज दुसरीकडे गेल्यावाचून राहत नाही. दीर्घकाळ दुखणाऱ्या देहात नैराश्य लवकर शिरते, आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे अंग, डोके, पोट खरोखर दुखते. ते ढोंग नसते.

हे ओळखूनच इंग्लंडमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६० नंतरच्या दशकात ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. मरणोन्मुख रुग्णाच्या वेदनेत देहाचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि जीवनाच्या अर्थासंबंधीचा प्रश्न हे सारे एकत्र विणलेले असते. एकच धागा ओढून ती उसवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशात या विचाराने चालणारे पहिले रुग्णाश्रयगृह मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. डिसोझा यांनी सुरू केले; त्याचे नाव शांती आवेदना सदन. कर्करोग बरा होण्याची आशा जेथे संपते तेथे सेवाही संपत नाही, हे त्या सदनाने दाखवून दिले.

मनाचे दुःख आणि मनाचा रोग यांतही भेद केला पाहिजे. आप्ताच्या मृत्यूनंतरचा शोक हा रोग नव्हे. तो प्रेमाचाच दुसरा चेहरा आहे आणि त्याला वेळ दिला पाहिजे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, कशातच गोडी उरली नाही, झोप आणि भूक गेली, जगणे व्यर्थ वाटू लागले, तर तो वैद्यकीय उपचाराचा विषय झाला असे समजावे. ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा १९३५ पासून आहे. अशा संस्थांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी आणि त्यांची आतील व्यवस्था ही दोन्ही दीर्घकाळ खेदजनक होती. इ. स. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर येथील संस्थांवरील देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. इ. स. १९१२ च्या जुन्या कायद्यात मनोरुग्णासाठी वेडा हाच शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो मागे पडला, आणि २०१७ च्या कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला. एवढेच नव्हे, तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा नव्हे, साहाय्य मिळावे, असेही त्या कायद्याने ठरविले. इ. स. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या नावाने सरकारी दूरध्वनी-सेवा सुरू झालेली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. पाय मोडल्यावर रुग्णालयाची वाट जशी संकोच न बाळगता विचारली जाते, तसा हा क्रमांक घरोघरी ठाऊक असावा.

सारांश असा की, देहाची वेदना ही मुख्यतः सूचना आहे आणि मनाचे दुःख हा त्या सूचनेला, किंवा आयुष्यातील एखाद्या घावाला, दिलेला अर्थ आहे. सूचना बुजली तर हात जातो, आणि अर्थ काळवंडला तर माणूस जातो. म्हणून दोन गोष्टी प्रत्येक घराने पाळण्यासारख्या आहेत. अंगावर संवेदना नसलेला चट्टा दिसला तर ‘दुखत तर नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये. तो त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवावा. आपल्या देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण आढळतात, आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. आणि घरातील किंवा शेजारचे माणूस अकारण गप्प झालेले दिसले तर ‘काही झालेले तर दिसत नाही’ म्हणून पुढे जाऊ नये. त्याच्या दाराशी थांबावे, आत जावे, आणि उपदेशाची घाई न करता ‘कसे आहात’ एवढेच विचारून उत्तराची वाट पाहावी. उत्तर लगेच येणार नाही. मनाच्या दुखण्याला बोट ठेवून दाखविण्याजोगी जागा नसते. तोपर्यंत जवळ बसणे हाच उपचार होय, आणि तो करण्यासाठी कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.